लॅकरखालचा डोळा

माझा विश्वास मल्टिमीटरवर आहे. आवाज येत नसेल तर त्याला कारण असतं — कच्चं सोल्डरिंग, उलटा बसलेला ट्रान्झिस्टर, जॅकच्या आत वाकलेली पट्टी. कारण सापडायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी तीन दिवस, पण सापडतं. या ग्रुपवरचे न उलगडणारे अनुभव मी दोन वर्षं गुपचूप वाचतेय, आणि दर वेळी मनात हेच येतं की या माणसानं नीट तपासलं नसेल. म्हणूनच माझा अनुभव लिहायला इतके महिने गेले. मी तपासलं. जेवढं तपासता येतं तेवढं सगळं तपासलं.

आधी दोन गोष्टी सांगते. माझं मराठी घरचं, तंजावरचं. शाळा इंग्रजी माध्यमाची आणि दाराबाहेर तमिळ. देवनागरी मी कॉलेज संपल्यावर फोनवरून शिकले, त्यामुळे लिहिणं पुस्तकातलं आणि बोलणं वेगळंच, असं झालंय. घरातली वाक्यं बोलली गेली तशीच ठेवते, तुम्हाला थोडी वाकडी वाटतील. दुसरं, नावं देणार नाही. तंजावर लहान आहे आणि त्यात मराठी बोलणारे आम्ही आणखी थोडे.

मी गिटारची इफेक्ट पेडल्स बनवते. गिटारवादकांच्या पायाशी छोटे धातूचे डबे असतात, ते तुम्ही स्टेजवर पाहिले असतील. गिटारची वायर त्यातून जाते, पायानं बटण दाबलं की आवाज बदलतो — फाटतो, गुंजतो, लांबत जातो. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेतल्यावर मी चौदा महिने नोकरी केली, पण दिवसभर माणसांशी बोलणं मला जमलं नाही. आता घरीच सर्किट सोल्डर करते, ॲल्युमिनियमचा डबा हातानं रंगवते आणि कुरियरनं पाठवते. गिऱ्हाइकं मेसेजवर बोलतात. बहुतेकांनी माझा आवाज ऐकलेला नाही, आणि मला ते सोयीचं आहे.

आमचं घर राजवाड्यामागच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, भाड्याचं. खाली शिंप्याचं दुकान, वर गच्ची. घरात तिघं — आई, मी आणि काका. अप्पा मी सातवीत असताना गेले. काका त्यांचे धाकटे भाऊ. त्यांनी लग्न केलं नव्हतं, ते आमच्याबरोबरच राहिले.

रंगकाम मी काकांकडून शिकले. त्यांनी सगळा जन्म तंजावरची चित्रं काढण्यात घालवला. लाकडी फळीवर कापड ताणायचं, खडूची भुकटी आणि डिंक यांचा लगदा लावून उठाव आणायचा, त्यावर सोन्याचा वर्ख, काचेचे खडे, मग रंग. सगळ्यात शेवटी डोळे. डोळे उघडले की चित्र संपलं, त्यानंतर ब्रश लावायचा नाही. काका ज्या कारखान्यात जात तिथे बाकीचं चित्र पाच जण मिळून करायचे आणि डोळ्यांच्या वेळी काकांना हाक मारायचे.

मी पहिलं पेडल केलं तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन सगळीकडून बघितलं होतं.

"हे ठेवतात कुठे?"

"खाली, स्टेजवर."

"खाली म्हणजे पायाशी?"

"पायानंच दाबायचं असतं, काका. हात गिटारवर असतात."

डबा उलटसुलट करून माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. देव नको. पक्षी काढ, वेल काढ. आणि पाय पडतो तिथे पक्षी नको. पक्षी वर बसव, पाय खाली पडू दे."

तेव्हापासून तसंच चाललं होतं. डब्याच्या वरच्या अर्ध्या भागात पक्षी, खाली बटणाभोवती नुसता गडद लाल रंग. उठाव, वर्ख आणि रंग मी करायचे, डोळा काका काढायचे. मी काढलेले डोळे बाजारातल्या मासळीसारखे यायचे — उघडे, पण कुठेच न बघणारे.

काकांच्या डोळ्याची एक खूण होती. बुबुळात उजेडाचा पांढरा ठिपका सगळे वरच्या बाजूला देतात. काका खाली द्यायचे. एकदा विचारलं तर म्हणाले, "समई कुठे असते, कुट्टी? खालीच की. मग उजेड वरून कसा येईल?" ही खूण कारखान्यातल्या लोकांना ठाऊक होती, आईला आणि मला ठाऊक होती. बाहेर कोणाला सांगण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

मागच्या वर्षी मार्चमध्ये काकांना स्ट्रोक आला. बोलणं महिन्याभरात परत आलं, थोडं जड. पाय ओढत का होईना, चालायलाही लागले. उजवा हात मात्र गेला.

आई शाळेत भूगोल शिकवते, सकाळी साडेआठला जाते ती चारला येते. म्हणजे दिवसाचे काका माझ्याकडे. आंघोळ, गोळ्या, पेज, ऑटोतून फिजिओकडे, परत, पुन्हा गोळ्या. फिजिओनं एक रबरी चेंडू दिला होता. तो उजव्या हातात ठेवून दाबायचा. काका तो पडू द्यायचे आणि मी उचलायचे.

"काका, दाबा ना जरा."

"तू दाब. तुला हात आहेत."

हे रागानंही नसायचं... पाच महिन्यांत त्यांनी स्वतःहून काही मागितलं नव्हतं. पुढे ठेवलं तर दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. मी चित्रांच्या ऑर्डरी बंद केल्या. साधी पेडल्स करायची — एक रंग, वर पारदर्शक लॅकरचा थर, झालं. सोल्डरिंग करतानाही एक कान त्यांच्या खुर्चीकडे. तेव्हाचा थकवा कसा सांगू... झोपून जाणारा तो नव्हता.

ऑगस्टमध्ये कोइमतूरच्या एका गिटारवादकाचा मेसेज आला. फझ पेडल हवं होतं, म्हणजे आवाज खरखरीत, फाटलेला करणारं. त्यावर मान वळवून मागे बघणारा पोपट हवा होता. त्याची कल्पना अशी की पेडल चालू झालं की जो लाल एलईडी लागतो, तोच पोपटाचा डोळा करायचा. मला बरं वाटलं. डोळ्याचा प्रश्नच मिटत होता. दुपारी काकांना कॉफी देताना सहज सांगितलं.

"डोळ्यात बल्ब?" काका म्हणाले.

"दाबलं की लागतो. चालू आहे ते कळतं."

"आणि बंद असला म्हणजे? आंधळा?"

"मग कोण काढणार डोळा?"

तोंडातून गेलं आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं. काकांनी डाव्या हातानं टंबलर खाली ठेवला. उजवा हात मांडीवर, टॉवेलच्या घडीवर, जसा असायचा तसाच.

"ठेव," ते म्हणाले. "डोळा माझ्यासाठी ठेव. डाव्यानं बघतो."

त्या दिवसापासून आमचं घर बदललं. आईनं शाळेतून उरलेल्या प्रश्नपत्रिका आणल्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर काका डाव्या हातानं डोळे काढू लागले. आधी पेन्सिलनं, मग ब्रशनं. पहिल्या दिवशीचे डोळे कुठूनही कुठेही गेलेले. आई पान बघून म्हणाली, "भाऊजी, शंभर डोळे झाले. एक तरी माझ्याकडे बघतो काय?"

"तुझी भीती वाटते त्यांना, वैनी. सगळे तुझ्या वर्गातले आहेत."

सातवीचा भूगोल संपला, आठवीचा सुरू झाला. काका पूर्ण ताट जेवायला लागले. चेंडू पडला तर स्वतः वाकून डाव्या हातानं उचलून परत उजव्यात ठेवायचे. एवढ्या एका डोळ्यासाठी हे सगळं चाललं होतं, आणि तो डोळा माझ्या टेबलावर तयार होत होता. मला त्याची भीतीही वाटायची.

पोपटाला बारा दिवस लागले. गळ्याभोवती वर्खाचं कडं, लाल चोच, आणि चोचीमागे करंगळीच्या नखाएवढा मलई रंगाचा चेहरा. डोळ्याची जागा कोरी. एलईडी मी, गिऱ्हाइकाला विचारून, वर कोपऱ्यात रंगवलेल्या एका पेरूत बसवणार होते. काकांनी शुक्रवार ठरवला होता.

आता माझी चूक.

चित्राच्या कामात डोळा शेवटी. पेडलच्या कामात लॅकर शेवटी, कारण त्यावर बूट पडतात. दोन्ही कामं एकत्र करताना क्रम ठरलेला असायचा: रंग, मग काकांचा डोळा, मग लॅकर. पण पाच महिने मी साधी पेडल्स करत होते, रंग आणि लॅकर, रंग आणि लॅकर. बुधवारी दुपारी कडक ऊन होतं, लॅकर वाळायला चांगलं. आणखी दोन साधे डबे तयार होते. मी तिन्ही गच्चीवर नेले, मास्क लावला आणि तिन्हींवर लॅकर मारलं. दोन भाग मिसळून मारायचं, काचेसारखं कडक होणारं. चार वाजता पोपटाचा फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवला: "फायनल कोट डन."

दहा मिनिटांत त्याचं उत्तर आलं. "सुंदर. डोळा नंतर काढणार का?"

मी गच्चीवरच खाली बसले.

लॅकरवर काकांचा रंग धरत नाही. ते डिंकातले पाण्याचे रंग वापरतात, काचेवरच्या थेंबासारखे घरंगळून जातात. घासून खरखरीत करायचं म्हटलं तर चेहरा नखाएवढा, आणि त्याला लागून सोन्याचा वर्ख. सँडपेपर आधी वर्ख खाणार. म्हणजे सगळं उतरवून पुन्हा बारा दिवस. ते मी केलं असतं. पण काकांना सांगायचं काय? त्यांनी पाच महिन्यांत एकच गोष्ट मागितली होती, आणि ती ठेवायचं मी विसरले.

फोटो मी मोठा करून परत परत बघितला. डोळ्याच्या जागी लॅकरमध्ये एक बारीक तंतू अडकला होता — कापसाचा असावा, बहुतेक खालच्या शिंप्याकडून उडालेला. कोऱ्या मलई रंगावर स्वल्पविरामासारखा दिसत होता. हा तंतू लक्षात ठेवा.

संध्याकाळी लॅकर हाताला लागेनासं झालं तेव्हा मी पोपट एका स्टीलच्या मुरुक्कूच्या, म्हणजे चकलीच्या, डब्यात ठेवला, घट्ट झाकण लावलं आणि माझ्या टेबलावरच्या फळीवर चढवून ठेवला. नजरेसमोर नको म्हणून.

शुक्रवारी काकांनी सकाळीच आंघोळ मागितली. धुतलेला शर्ट घातला. माझ्या टेबलाशी येऊन बसले आणि डाव्या हातानं वाटीत ब्रश भिजत घातला.

"आण."

"अजून वाळला नाही, काका." मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"वर्ख?"

"हं."

"हवेत ओल आहे," ते म्हणाले. बाहेर कोरडं ऊन होतं. त्यांनी माझ्यासाठी सबब शोधली आणि ब्रश पुसून ठेवला. "सोमवारी करू."

शनिवार, रविवार त्यांनी नववीच्या पानांवर डोळे काढले. डाव्या हाताचे डोळे आता खरंच चांगले यायला लागले होते, आणि मला ती पानं बघवत नव्हती. डब्याला मी हात लावला नाही. आईनं फळीवरची धूळसुद्धा पुसली नाही, ती माझ्या टेबलाला कधीच हात लावत नाही.

सोमवारी आई शाळेत गेल्यावर मी ठरवलं की सांगून टाकायचं. सव्वानऊ झाले होते. काका खिडकीजवळच्या खुर्चीत. मी मुरुक्कूचा डबा खाली काढला, त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला, झाकण उघडलं आणि पोपट काढून त्यांच्यापुढे धरला. मी जमिनीकडे बघत होते. समोरच्याकडे बघून मला अवघड काही बोलता येत नाही.

"काका, मी चूक केली. डोळ्याच्या आधीच लॅकर मारलं. तुमच्यासाठी ठेवायचा होता, मी विसरले. वाळला नाही म्हटलं ते खोटं होतं."

त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला. खिडकीच्या उजेडात तिरपा धरला. मला वाटलं, आता ते डबा खाली ठेवतील आणि संध्याकाळी ताट सरकवतील.

"कोण काढलं हे?" ते म्हणाले.

मी वर बघितलं. पोपटाला डोळा होता.

मी काय केलं ते सांगते, कारण तुम्हीही तेच सुचवाल. आधी नख फिरवलं — गुळगुळीत, उंचवटा नाही. कापसावर अल्कोहोल घेऊन पुसलं. रंग वर असता तर गेला असता, कापूस पांढराच राहिला. मग सोल्डरचे जोड तपासायचं भिंग आणलं आणि खिडकीत नेऊन बघितलं. वर सलग लॅकर, कुठे कड नाही, पुन्हा मारल्याची पायरी नाही. डोळा त्याच्या खाली. आणि डोळ्याच्या वर, लॅकरमध्ये, तो तंतू. तोच, स्वल्पविरामासारखा, त्याच जागी. बुधवारी तो कोऱ्या जागेवर होता, आता काळ्या बुबुळावर आडवा दिसत होता.

समजा, मी दमून झोपेत डोळा काढला आणि वरून पुन्हा लॅकर मारलं. मग तंतू डोळ्याच्या खाली हवा. समजा, डोळा आधीपासून होता आणि मला दिसला नाही. मग फोटोत हवा, आणि गिऱ्हाइकानं विचारलं नसतं. समजा, आईनं काढला... तर आईला सरळ रेघ येत नाही, फळ्यावर भारताचा नकाशासुद्धा ती छापील टांगते.

ठिपका खाली होता. समईच्या बाजूला.

काकांनी भिंग मागितलं. मी ते त्यांच्या डोळ्यासमोर धरून उभी राहिले, कारण त्यांच्या डाव्या हातात पोपट होता. काम तपासताना पूर्वी बघायचे तसं बघत होते, ओठ आत घेऊन.

"हा डाव्याचा नाही," शेवटी म्हणाले.

"म्हणजे?"

"डाव्यानं काढलो की ही वरची रेघ बाहेरून आत येते. तिकडची पानं बघ, सगळी तशी. ही आतून सुरू झाली. इथे दाबून ठेवलीय आणि शेपटाला उचललीय. हे उजव्याचं आहे. माझ्या उजव्याचं."

मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं. टॉवेलच्या घडीवर पडलेला, बोटं आत वळलेली. मी तो हातात घेऊन नखंही बघितली, लाज वाटली तरी. स्वच्छ होती. शनिवारी मीच कापली होती. हात नेहमीसारखा गार आणि जड होता.

"म्हणजे हा रिकामा बसलेला नाही," काका म्हणाले. आवाजात आश्चर्य नव्हतं. कामावर गेलेल्या माणसाची खबर लागावी तसं बोलले.

मी सर्किट बसवलं, वाजवून बघितलं. फझ जसा वाजायला हवा तसाच वाजला. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे कोणीतरी विचारेलच. त्यातून कसलाही वेगळा आवाज आला नाही. पेडल कोइमतूरला गेलं. त्याचा मेसेज आला, "डोळा उशिरा आला पण आला." मी फक्त थँक्स लिहिलं.

इथेच संपलं असतं तर मी ही गोष्ट चांगली म्हणून सांगितली असती. पण त्या दिवसापासून काकांनी डाव्या हातात ब्रश घेतला नाही.

"कशाला? तो करतोय की."

नववीची पानं तशीच राहिली. चेंडूही नाही. उजव्या हाताला व्यायाम कशाला, तो कामावर आहे. खुर्चीत बसून टॉवेलवरच्या हाताकडे बघत राहायचे. तास, दोन तास. जेवण पुन्हा दोन घासांवर आलं. फिजिओ म्हणाली, पेशंट सहकार्य करत नाही. आई स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "तो डोळा आला नसता तर बरं होतं ग." मलाही तेच वाटत होतं. डोळा आला, आणि काका आधी होते तिथेच परत गेले.

मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. एकाच वेळी तीन पोपट रंगवले. कोणी मागितले नव्हते. डोळ्याची जागा कोरी, वर लॅकर, आणि एकेक त्याच मुरुक्कूच्या डब्यात, त्याच फळीवर. रोज सकाळी सव्वानऊला झाकण उघडायचे. मी, जिनं ग्रुपवरच्या लोकांना मनात हसून घेतलं, ती स्टीलच्या डब्यापुढे श्वास रोखून उभी राहायची. बुधवारी मारलेलं लॅकर, सोमवारी उघडलेला डबा, सगळं तसंच करून बघितलं. एका पोपटात कापसाचा तंतूसुद्धा मुद्दाम टाकला.

काका खुर्चीतून विचारायचे, "उघडला काय?"

"नाही."

एकेकाला आठवडा, असे एकवीस दिवस. तिन्ही पोपट आंधळेच राहिले.

बाविसाव्या दिवशी मी दमले होते, एवढंच. धीर वगैरे काही नव्हता. चौथा पोपट टेबलावर होता, रंग झालेला, लॅकर न मारलेला. मी तो उचलून काकांसमोर स्टुलावर ठेवला, वाटीत ब्रश भिजवला आणि त्यांच्या डाव्या बाजूला धरला.

"नको म्हटलो ना. तो करेल."

"तो कामावर आहे, काका. तिकडचं संपलं की येईल. तोवर इकडचं कोण बघणार? गिऱ्हाईक थांबलंय." गिऱ्हाईक कोणी नव्हतं.

ते पोपटाकडे बघत राहिले.

"हा नवीन आहे," डाव्या हाताकडे मान करून म्हणाले. "चुकेल."

"नवीन माणूस चुकतोच. तुम्ही बाजूला बसून शिकवा."

"आणि तो परत आला, आणि आपल्या जागेवर ह्याला बघितला म्हणजे?"

"भांडू दे दोघांना. मी बघते."

काकांच्या तोंडाची एकच बाजू हसते आता. ती हसली. मार्चपासून पहिल्यांदा. मग त्यांनी ब्रश घेतला.

चाळीस मिनिटं लागली. मी डबा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. रेघ बाहेरून आत आली, मध्ये थोडी थरथरली. डोळा किंचित तिरका झाला. पोपट मागून कोणीतरी हाक मारल्यासारखा दिसायला लागला. पांढरा ठिपका देताना काका थांबले, ब्रश वर नेला, खाली आणला आणि खालीच टेकवला.

"झाला?" मी विचारलं.

"झाला."

"लॅकर मारू?"

"आता मार."

ते पेडल विकलं गेलं. त्यानंतरची आठही. तिरक्या डोळ्याचे पक्षी लोकांना आवडतात असं दिसतं, कोणी कारण विचारत नाही. काका जेवतात. चेंडू अजून पडतो.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. दोन फोटो आहेत, एक कोऱ्या डोळ्याचा आणि एक उघड्या डोळ्याचा, आणि दोन्हीत तंतू एकच आहे. एका मित्राला पाठवले, तो म्हणाला एडिट केलेले आहेत. त्याच्या जागी मी असते तर तेच म्हटलं असतं. कोइमतूरला जाऊन तो डोळा एकदा पुन्हा बघावा असं वाटतं, आणि जाणं होत नाही.

त्या तीन आंधळ्या पोपटांपैकी दोन मी उतरवून टाकले. एक मात्र अजून मुरुक्कूच्या डब्यात आहे, फळीवर. काकांना ते माहीत आहे. आम्ही त्यावर बोलत नाही. फक्त सकाळी, आई गेल्यावर, मी झाकण उघडते आणि ते खुर्चीतून विचारतात, "उघडला काय?"

"नाही."

"सरी," ते म्हणतात, आणि डावा हात पुढे करतात. मी त्यात ब्रश देते.